खुलासा: खान्देशचा कापूस १९९१ साली ‘ग्लोबल’ झाला नाही

भाव पडला की धुळे-जळगावच्या पारावर हमखास ऐकू येतं, ‘१९९१ नंतर जागतिकीकरण आलं अन् आपल्या कापसाचा भाव परदेशात ठरायला लागला.’ परदेशाचं खरं आहे. साल मात्र एकशेतीस वर्षांनी चुकलंय.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना. लिव्हरपूल या तिथल्या कापूस-बाजाराच्या बंदरात भाव चढला, तसा खान्देशातही. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. तेजीत भेसळ बोकाळली: वजन वाढवायला रुईत सरकी, माती, पाणी. ती रोखायला १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात खास कायदा करावा लागला!

१८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. मूळ अडचण तंतूची. आपल्या देशी वाणांची रुई आखूड धाग्याची. लांब अमेरिकी धाग्यासाठी जुळवलेल्या यंत्रांवर तिचं सूत तुटायचं. अमेरिकी माल परतताच इंग्रज गिऱ्हाईक पातळ झालं.

१९९१ नंतर आयात-निर्यातीवरचे निर्बंध सैल झाले, इतकंच. कापडाचं म्हणाल तर सुरतेचे इंग्रज व्यापारी सतराव्या शतकातच खान्देशातल्या धरणगावात खरेदी करत होते.