गेम चालू केला की लॅपटॉप स्लो होतो? आधी हे वाचा

चालू केल्या केल्या मस्त पळतो, पण गेम लावला किंवा व्हिडिओ रेंडरला टाकला की थोड्या वेळात बसतो, ही तक्रार आमच्याकडे सारखी येते. दरवेळी बिघाड असतोच असं नाही. इंटेलच्या प्रोसेसरला दोन पॉवर लिमिट असतात: पीएल२ म्हणजे थोडा वेळ किती वॅट ओढायचे, पीएल१ म्हणजे सतत किती. तो 'थोडा वेळ' बऱ्याच लॅपटॉपमध्ये २८ सेकंद असतो, तो संपला की प्रोसेसर पीएल१ वर उतरतो आणि स्पीड कमी होतो. आय५-८२५०यू घ्या, मूळ रेटिंग १५ वॅट, लॅपटॉप बनवणाऱ्याने ठरवलं तर २५.

विंडोजवर प्रोसेसर कशामुळे अडतोय ते दाखवणारा थ्रॉटलस्टॉप नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यातली लिमिट्सची विंडो उघडून गेम चालवा. लाल म्हणजे आत्ता अडतंय, पिवळं म्हणजे मगाशी अडलं होतं. पीएल१ लाल आणि टेंपरेचर सत्तरीत असेल तर पीएल१ दोन-तीन वॅटने वाढवून बघा, एकदम दुप्पट नको. पण थर्मल लाल आणि आकडा ९५ च्या वर, तर वाढवून काहीच मिळणार नाही, आधी फॅन साफ करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदला आणि मग पीएल२ चक्क कमी करा. हे लोकांना पटत नाही, पण प्रोसेसर शंभरला टेकून धाडकन खाली येतो, थंड झाला की परत वर, त्यापेक्षा जरा कमी पण एकसारखा चाललेला बरा, शिवाय गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिपची हीटपाइप (उष्णता बाहेर नेणारी नळी) बहुतेक वेळा तीच असते, म्हणजे ग्राफिक्सलाही श्वास मिळतो.

थ्रॉटलस्टॉपमधली बीडी प्रोचॉटची (प्रोसेसरला 'स्लो हो' सांगणाऱ्या सिग्नलची) टिक काढा असं यूट्यूबवर सर्रास सांगतात, आम्ही नाही सांगणार. तो सिग्नल बाहेरचा दुसरा पार्ट तापला की येतो, काही मॉडेलमध्ये चार्जर ओळखला गेला नाही तरी येतो आणि लॅपटॉप ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास अडकतो. तिथे चार्जर बदलायचा, टिक नाही.

पॉवर लिमिटच्या खान्याजवळ कुलूप दिसलं तर बायोसने (लॅपटॉपच्या बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरने) लॉक केलंय, विषय संपला. अंडरव्होल्ट, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणं, तेही २०१९ मध्ये सापडलेल्या प्लंडरव्होल्ट या सुरक्षेतल्या त्रुटीनंतर बऱ्याच बायोस अपडेटमध्ये बंद झालं, त्यासाठी जुना बायोस टाकायच्या फंदात पडू नका. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांसाठी टूल वेगळं, दुकानात विचारा.

येताना स्वतःचा चार्जर आणा हां, दुसऱ्यावर टेस्ट केली तर आकडे वेगळे येऊ शकतात.