लोणार सरोवर : गाळातून पुरापर्यावरणाचा अभ्यास

सरोवराच्या तळाशी थरांनी साचलेल्या गाळातील खनिजे, परागकण व सेंद्रिय अवशेष तपासून पूर्वीचा पाऊस, वनस्पती आणि पाण्याची पातळी यांचा अंदाज बांधता येतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या अभ्यासासाठी फार मोलाचे आहे. उल्काघाताने बेसाल्टात पडलेल्या या विवरातून पाण्याला बाहेर वाट नाही. त्यामुळे पाऊस, झरे आणि बाष्पीभवन यांचा मेळ बिघडला की पाण्याचा खारेपणा बदलतो आणि त्याची खूण गाळात उतरते.

तराफ्यावरून नळी दाबून गाळाचा अखंड दंडगोल, म्हणजे गाभा, काढतात. सर्वांत वरचा पातळ गाळ लहान नळीने वेगळा घ्यावा. जड यंत्राने तो ढवळतो आणि अलीकडचा काळच हातचा जातो. लांब गाभा तुकड्यातुकड्यांनी निघतो. दोन तुकड्यांच्या सांध्यावर थोडा गाळ हरवतोच, म्हणून शेजारी दुसरे भोक घेऊन त्यातले सांधे वेगळ्या खोलीवर ठेवतात व दोन्हींतले थर जुळवतात. गाभा उभा चिरून सुमारे ४° से. तापमानात ठेवतात. नमुना मधूनच काढायचा, कारण कडेला नळीच्या घर्षणाने थर फरफटलेले असतात.

लोणारच्या सुमारे १० मी. गाभ्यात साधारण ११,००० वर्षांची नोंद सापडली. त्यात आजपूर्वी ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षे या काळांतील थरांत गेलुसाइटचे स्फटिक आहेत. सोडियम-कॅल्शियमचे हे जलयुक्त कार्बोनेट अतिखाऱ्या पाण्यातच बनते. म्हणून हे काळ दीर्घ अवर्षणाचे मानतात. हा पुरावा नाजूक असतो. गोड्या पाण्याने गाळ धुतला की गेलुसाइट विघटित होऊन कॅल्साइट उरते. स्फटिक धुण्याआधीच वेचावेत.

खरी कसोटी कालमापनाची. शैवाल पाण्यात विरघळलेला जुना कार्बन घेते, त्यामुळे त्याचे कार्बन-१४ वय (किरणोत्सारी कार्बन किती उरला यावरून काढलेले वय) फाजील जास्त येते. जमिनीवरचे पान, बी किंवा काडी बरी. पण काठावर वर्षानुवर्षे पडून मग वाहून आलेली काडीही फसवते. वरच्या थरांसाठी किरणोत्सारी शिसे-२१० (अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे २२ वर्षे) आणि अणुचाचण्यांतील सीझियम-१३७चा १९६३च्या सुमाराचा उच्चांक वापरतात.

कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर शैवालात साधारण ४ ते १०, तर जमिनीवरच्या वनस्पतींत बहुधा २० हून अधिक असते. गाळात ते वाढले म्हणजे जमिनीवरचा पालापाचोळा जास्त आला, पण पाऊसच वाढला असे नव्हे. उतारावरची झाडी तोडली तरी माती व पालापाचोळा सरोवरात येतो. अशा वेळी परागकणांत शेतीच्या खुणा आहेत का, हे आधी पाहावे.