फसवे हरीण

रानातल्या हरणाला शिकाऱ्याच्या टप्प्यात आणण्यासाठी उभे केलेले नकली किंवा माणसाळवलेले हरीण. सातारा-सांगलीकडच्या शाळवाच्या रानात उभ्या असलेल्या बुजगावण्याचे काम याच्या अगदी उलट: ते पाखरांना बुजवते, हे हरणाला भुलवते. रामायणातला मारीच हा याचाच नमुना. मोगल काळात पाळीव काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला रानच्या कळपाकडे सोडत. कळपातला नर झुंजायला आला की त्याची शिंगे फासात अडकत.

आज ही पद्धत मुख्यतः उत्तर अमेरिकेत, पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या धनुष्यबाणाच्या शिकारीत दिसते. माजाच्या दिवसांत, म्हणजे तिकडे साधारण नोव्हेंबरात, नराला दुसरा नर खपत नाही. प्लास्टिकचा नर शिकाऱ्याकडे तोंड करून, पंधरा-वीस मीटरवर ठेवतात. आलेला नर त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो आणि शिकाऱ्याकडे पाठ किंवा कूस करतो. शेपटीला कागदाचा तुकडा लावला की तो वाऱ्याने हलतो आणि पुतळा जिवंत वाटतो. पण सगळी मदार वासावर असते. पुतळा बिनवासाच्या साबणाने धुतात, हातमोजे घालूनच हाताळतात आणि शिकारी वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसतो. माणसाचा वास लागला की मादी पुढचा पाय आपटते, नाक फुरफुरवते, आणि मग सगळे हुकते. पुतळा नेताना त्यावर नारिंगी कापड टाकतात, नाहीतर दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी त्याला वाहणाऱ्यालाच लागायची.

भारतात ही शिकार गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार फास लावणे, हाका घालणे (आरडाओरडा करून जनावर हुसकावणे), आमिष दाखवणे, एवढेच नव्हे तर तसा नुसता प्रयत्न करणेही शिकारीतच मोडते. आपल्याकडे हे ज्ञान हरणे राखण्यासाठीच लागावे. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर अभयारण्य (1985) अवघे 10.87 चौरस किलोमीटरचे. उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षप्रेमी धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून ते उभे राहिले. तिथली चितळे, सांबरे कुंपण ओलांडून भोवतालच्या पिकांत शिरतात, तिथेच त्यांना फासाचा खरा धोका असतो. हरणे राखण्यासाठीही फसवे हरीण कामी येते: अमेरिकेत वन्यजीव रक्षक हेच नकली हरीण रस्त्याकडेला उभे करून दबा धरतात आणि त्यावर गोळी झाडणाऱ्या चोरट्या शिकाऱ्याला जागीच पकडतात.