पुण्यातली ४० टक्के मिळकतकर सवलत: पीटी-३ अर्ज नेमका ज्येष्ठांचाच का अडतो?

ही सवलत वयाची नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. साठी-सत्तरी ओलांडली म्हणून पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सूट देत नाही. स्वतःच्या घरात स्वतः राहता, म्हणून देते. आधार कार्डाच्या झेरॉक्सवर जन्मतारखेभोवती पेनाने गोल करून आणणारे बरेच आजी-आजोबा दिसतात. त्या गोलाकडे कुणी बघत नाही.

सवलत १९७० पासूनची. लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप निघाले, २०१८ मध्ये राज्य सरकारने ती बंद करायला लावली आणि एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा दिली. मधल्या काळात मिळकतींचं जीआयएस सर्वेक्षण, म्हणजे घरं नकाशावर टिपून त्यांची नोंद घेणारी पाहणी झाली. त्यात ज्या घरांत मालक राहत नाही असं नोंदलं गेलं, त्यांची सवलत काढली. महिनाभर लेकीकडे गेलेल्या जोडप्याचं कुलूपबंद घर किंवा आजारी माणसाच्या सोबतीला ठेवलेली बाई सर्वेक्षणवाल्याला कशी दिसली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

महापालिकेची अडचणही खोटी नाही. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि गेला, आता जीएसटीच्या भरपाईचा पैसा राज्याकडून येतो. स्वतःच्या हाताने वसूल करता येणारं मोठं उत्पन्न म्हणजे मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. त्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. रस्ते, पाणी, ड्रेनेज सगळं त्यांनाही द्यायचं. अंदाजपत्रकात मिळकतकराचा आकडा मोठा धरला, की सवलतीचं प्रत्येक घर त्यातून वजा होतं. कागद डोळ्यांत तेल घालून तपासतात ते त्यामुळे. तपासावेत. पण ज्याच्या तीन पिढ्या त्या उंबऱ्यावरून गेल्या, त्यालाच ‘इथे राहता याचा पुरावा?’ असं विचारताना निदान बसायला खुर्ची तरी द्यावी.

पीटी-३, म्हणजे ‘या घरात मी स्वतः राहतो’ असं सांगून सवलत मागण्याचा अर्ज, दोनच गटांनी करायचा आहे: ज्यांची सवलत काढली गेली त्यांनी, आणि ज्यांच्या मिळकतीची आकारणी १ एप्रिल २०१९ नंतर पहिल्यांदा झाली त्यांनी. बिलात सवलत मिळतेच आहे, त्यांनी रांगेत उभं राहू नये. दुसऱ्या गटात पुनर्विकासवाले येतात, आणि फसगत सर्वांत जास्त त्यांचीच होते. जुन्या इमारतीचा कर जुन्या दराने, सवलतीसह, अगदी किरकोळ असायचा. नव्या फ्लॅटची आकारणी नव्या दराने होते आणि जुनी सवलत आपोआप पुढे येत नाही. माणसं तीच, जागा तीच, तरी पीटी-३ नव्याने भरावा लागतो. ‘आम्हाला तर पहिल्यापासून होती’ हे खिडकीवर चालत नाही.

अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो आणि तिथेच द्यायचा. सोबत सोसायटी असेल तर स्वतः राहत असल्याचं सोसायटीचं पत्र. मतदान ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशन कार्ड यांपैकी पुरावा. आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या कराच्या बिलाची प्रत. हे शेवटचं लपवू नका.

वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात गॅस कार्ड वारलेल्या यजमानांच्या नावावर, मतदान ओळखपत्रावर पेठेतल्या जुन्या वाड्याचा पत्ता, परवाना कधीच संपलेला. सोसायटीचं पत्र आणावं, तर त्यावर ना तारीख, ना फ्लॅट नंबर, ना जावक क्रमांक. शिक्का इतका पुसट की नाव वाचता येत नाही. सेक्रेटरीकडून पत्र घेतानाच या चारही गोष्टी बघून घ्या. वाड्यात किंवा स्वतंत्र घरात सोसायटीच नसते. तिथे पत्रासाठी अडून बसू नका, राहण्याचे पुरावे एकाऐवजी दोन जोडा.

घर अजून यजमानांच्याच नावावर असेल, तर आधी नाव बदलून घ्या. ‘सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव लागलंय की’ हे उत्तर पुरत नाही. सोसायटीचं दप्तर वेगळं, सिटी सर्व्हेचं मिळकत पत्रक वेगळं आणि महापालिकेची करनोंद वेगळी. एकीकडे बदललेलं नाव दुसरीकडे पोहोचत नाही. मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद देऊन करनोंदीचं हस्तांतरण करा, मग पीटी-३. घर परदेशातल्या मुलाच्या नावावर असेल आणि राहतात आई-वडील, तर अर्ज देण्याआधी पेठ निरीक्षकाशी, म्हणजे तुमच्या भागातल्या मिळकतकर खात्याच्या माणसाशी बोला. पुरावा मालकाच्या राहण्याचा मागतात, त्यामुळे तुमचं ओळखपत्र जोडून भागेल असं गृहीत धरू नका.

तारखांचा घोळ वेगळाच. पीटी-३ ची पहिली मुदत १५ नोव्हेंबर २०२३ होती, ती पुढे वाढवली. व्हॉट्सअॅपवर अजून जुनी कात्रणं फिरतात. ती पाहून घाबरूही नका, निर्धास्तही होऊ नका. आजची स्थिती कार्यालयातच विचारा. बिलावर लवकर कर भरणाऱ्यांच्या सवलतीची जी तारीख दिसते, पीटी-३ शी तिचा संबंध नाही.

आणि कृपा करून ‘अर्ज दिलाय, आता बिल दुरुस्त होऊन येईल तेव्हा भरू’ असं म्हणून थांबू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) लागते. अर्ज टेबलावर पडून असला तरी ती थांबेल या भरवशावर राहू नका. जमत असेल तर आलेलं बिल भरा. सवलत मंजूर झाली की जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती होते. २०२३ च्या निर्णयातही परताव्याची हीच पद्धत होती. हातात रोख मिळेल अशी आशा धरू नका.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ‘नंतर या, साहेब जेवायला गेलेत’ म्हणाले तर थांबा. पाहणीसाठी माणूस येईल तेव्हा घरात कुणीतरी हवं; गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे तुमचा फोन नंबर आणि पोच असलेल्या प्रतीची झेरॉक्स ठेवून जा.