अँथनी जोशुआवरून दोन तट का पडले?

१२ ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस. बॉक्सिंगच्या सुपर हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटाच्या अंतिम लढतीत इटलीचा रॉबर्टो कम्मारेले दुसऱ्या फेरीअखेर १३-१० असा पुढे होता. आधीच्या, बीजिंग ऑलिम्पिकचं सुवर्ण त्याच्याकडेच होतं. समोर २२ वर्षांचा अँथनी जोशुआ, वॉटफर्डचा, म्हणजे लंडनच्या वेशीवरचा, घरचाच पोरगा. तिसऱ्या फेरीत तो तुटून पडला आणि घंटा झाली तेव्हा फलकावर १८-१८ अशी बरोबरी होती. मग नियमाप्रमाणे पाचही परीक्षकांनी टिपलेले सगळे ठोसे मोजले गेले. जोशुआ ५६, कम्मारेले ५३. इटलीने तक्रार केली, ती फेटाळली गेली आणि सुवर्णपदक ब्रिटनमध्येच राहिलं.

जोशुआवरून आज जे दोन तट दिसतात, त्यांची सुरुवात त्या दुपारी झाली. पहिल्याच लढतीत त्याने क्यूबाच्या एरिसलांडी सावोनला १७-१६ असं हरवलं होतं आणि तो निकालही अनेकांच्या गळी उतरला नव्हता. घरच्या प्रेक्षकांना नायक मिळाला. जुन्या जाणत्यांना वाटलं, याला पदक मिळालं की दिलं? मला तिसरी फेरी निर्विवाद जोशुआची वाटते, आधीच्या दोन कम्मारेलेच्या. पण त्याच जोशुआने आदल्या वर्षी बाकूच्या जागतिक स्पर्धेत याच कम्मारेलेला हरवून पुढे रौप्यपदक जिंकलं होतं, हे त्याला नावं ठेवणारे सहसा सांगत नाहीत.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना विसरून चालणार नाही. जोशुआ बॉक्सिंगकडे वळला तेव्हा १८ वर्षांचा होता. चुलतभावाच्या नादाने तो उत्तर लंडनमधल्या फिंचलीच्या क्लबात गेला आणि त्यानंतर पाचेक वर्षांत ऑलिम्पिक विजेता झाला. वाटेत पायही घसरला होता. २०११ मध्ये त्याच्या गाडीत गांजा सापडला, त्याने गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने त्याला समाजसेवेची शिक्षा दिली. आपल्याकडे तालमीत पोरं सातव्या-आठव्या वर्षी माती अंगाला लावतात. अठराव्या वर्षी लंगोट कसणाऱ्या पोराकडे वस्ताद कौतुकाने बघेल, पण मनात म्हणेल, याच्या अंगात ताकद आहे, डाव मुरायला वेळ लागेल. जोशुआला तो वेळ मिळालाच नाही.

ऑक्टोबर २०१३ मध्ये तो व्यावसायिक झाला. एडी हर्नची मॅचरूम ही लढती भरवणारी कंपनी पाठीशी होती. उंच, देखणा, आदबशीर बोलणारा ऑलिम्पिक विजेता जाहिरातदारांना हवाच होता. एप्रिल २०१६ मध्ये, अवघ्या सोळाव्या लढतीत, त्याने चार्ल्स मार्टिनला दुसऱ्या फेरीत झोपवून आयबीएफ या संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा मिळवला. तो पट्टा मार्टिनकडे कसा आला होता? ब्रिटनच्याच टायसन फ्युरीने नोव्हेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या व्लादिमिर क्लिचकोला हरवून तो जिंकला, पण संघटनेने ठरवलेल्या आव्हानवीराऐवजी क्लिचकोशीच पुन्हा लढायचं कबूल केल्यामुळे काही दिवसांतच तो काढून घेतला गेला. रिकाम्या पट्ट्याच्या लढतीत मार्टिनचा प्रतिस्पर्धी गुडघा दुखावून बसला आणि मार्टिन विजेता ठरला. हेवीवेटमध्ये चार मोठ्या संघटना, चार पट्टे आणि एकाच वेळी तीन-तीन जगज्जेते. एकाच वर्षी दोन महाराष्ट्र केसरी झाले की कुस्तीशौकिनाला जो वैताग येतो, तो बॉक्सिंगवाल्यांचा रोजचाच आहे. फ्युरीच्या चाहत्यांना तेव्हापासून वाटतं की आमच्या माणसाचा पट्टा जोशुआ आयता घालून फिरला. यात जोशुआचा दोष काय, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

२९ एप्रिल २०१७ ची वेम्बलीची रात्र या सगळ्याला उत्तर होती, निदान तसं वाटलं. ९० हजार माणसं आणि समोर ४१ वर्षांचा क्लिचको. पाचव्या फेरीत जोशुआने त्याला खाली पाडलं आणि लढत तिथेच संपवायला होता नव्हता तेवढा दम खर्च केला. त्याच फेरीत हात जड पडले, पाय ओढू लागले. सहाव्या फेरीत क्लिचकोचा उजवा ठोसा बसला आणि जोशुआ आयुष्यात पहिल्यांदा व्यावसायिक रिंगणात आडवा झाला. पुढच्या चार फेऱ्या तो कसा उभा राहिला, दम कसा परत मिळवला, ते पाहताना अंगावर काटा येतो. अकराव्या फेरीत खालून वर आलेल्या उजव्या ठोशाने क्लिचकोची मान मागे गेली, तो दोनदा पडला आणि पंचांनी लढत थांबवली. माझ्या मते या पिढीतली ती हेवीवेटची सर्वोत्तम लढत. विरोधक मात्र म्हणाले, चाळिशी उलटलेल्या माणसाने याला पाडलं!

मग समोर यायला हवा होता अमेरिकेचा जगज्जेता डिऑन्टे वाइल्डर. २०१८ मध्ये त्याच्या गोटाने ५ कोटी डॉलर देऊ केल्याचं जाहीर केलं, महिनोन् महिने बोलणी झाली आणि जोशुआ लढला रशियाच्या पोवेत्किनशी. दोन्ही गोटांनी एकमेकांवर खापर फोडलं. फ्युरीशी लढत २०२१ मध्ये सौदी अरेबियात होणार असं ठरत आलं होतं, तोच अमेरिकेतल्या लवादाने फ्युरीला वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढायला लावलं. पुढच्या वर्षीची बोलणीही फिसकटली. चाहत्यांच्या रागाचं सर्वांत रास्त कारण हेच आहे. ज्या लढतींनी वाद मिटला असता, त्या ऐन उमेदीच्या काळात झाल्याच नाहीत.

त्याऐवजी उजाडला तो १ जून २०१९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, अमेरिकेतली पहिलीच लढत. ठरलेला प्रतिस्पर्धी जॅरेल मिलर उत्तेजक चाचणीत सापडला आणि ऐनवेळी सुटलेल्या पोटाचा अँडी रुइझ आला. तिसऱ्या फेरीत जोशुआने त्याला पाडलं, संपवायला धावला आणि डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, स्वतःच कोसळला. सातव्या फेरीपर्यंत चारदा पडला आणि पट्टे गेले. सहा महिन्यांनी सौदीतल्या दिरियाह इथे त्याने अंतर राखून, जॅब म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे टाकत, बाराही फेऱ्या शहाण्यासारखं लढून ते परत आणले. एका तटाने त्याला परिपक्वता म्हटलं, दुसऱ्याने भित्रेपणा. शिवाय मानवी हक्कांची गळचेपी करणाऱ्या राजवटीच्या पैशावर लढल्याचा ठपका आला, आणि तो अनाठायी नव्हता.

रिंगणाबाहेरचंही बरंच आहे. आईवडील नायजेरियन मुळाचे, दंडावर आफ्रिकेचा नकाशा गोंदलेला. २०१७ मध्ये दुबईच्या मशिदीतला फोटो टाकल्यावर त्याला शिव्या पडल्या. २०२० मध्ये वॉटफर्डच्या वर्णद्वेषविरोधी मोर्चात बोलला, त्यावरूनही गदारोळ झाला. याच माणसाला ब्रिटनने सगळ्यांचा लाडका म्हणून उभं केलं होतं.

युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिककडून तो लागोपाठ दोनदा हरला. ऑगस्ट २०२२ मध्ये जेद्दाहला दुसरा निकाल लागल्यावर त्याने उसिकचे पट्टे उचलून रिंगणाबाहेर टाकले, माइक हातात घेतला आणि विजेत्याच्या क्षणी स्वतःच बोलत राहिला. त्यात एक वाक्य मला अजून टोचतं. मी पाच वर्षांचा असल्यापासून घडवलेला बॉक्सर नव्हे, अशा अर्थाचं. वागणं चुकलंच, पण फिंचलीपासूनचं दुखणं त्याने उघड्यावर बोलून दाखवलं होतं.

२१ सप्टेंबर २०२४ ला वेम्बलीत ९६ हजार लोक जमले. ब्रिटनच्याच डॅनियल डुबोआने जोशुआला पहिल्याच फेरीत पाडलं होतं, नंतरही पाडलं. पाचव्या फेरीत मात्र जोशुआचा उजवा ठोसा लागला आणि डुबोआ हेलपाटला. जोशुआने वाट पाहिली नाही. क्लिचकोच्या वेळी पाहिली नव्हती, रुइझच्या वेळीही नाही. तो आत घुसला, खालून ठोसा उचलला आणि त्या उघड्या क्षणी डुबोआचा उजवा हात त्याच्या हनुवटीवर आला. पंचांनी दहापर्यंत मोजलं, तरी त्याला उठता आलं नाही.