रडारला दिसतो, पण पटत नाही असा ट्रक

समृद्धी महामार्गावर क्रूझ कंट्रोल (वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप सांभाळणारी सोय) लावायचं, स्टिअरिंग सोडायचं आणि मागच्या सीटवरच्या मित्राकडे वळून गप्पा मारायच्या, अशा रील्स अधूनमधून फिरत असतात. त्या पाहून कुणीतरी हमखास म्हणतं, "रडार आहे गाडीला, काही होत नाही." रडार म्हटलं की आपल्याला शत्रूची विमानं टिपणारं यंत्र आठवतं. शेकडो किलोमीटरवरचं विमान ज्याला दिसतं, त्याला दीडशे मीटरवरचा ट्रक दिसणार नाही? पण विमान दिसतं ते आकाशात एकटं असतं आणि हलत असतं म्हणून. रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या ट्रकचं दोन्ही बाबतींत उलट असतं.

जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीजवळ काय झालं ते पाहा. एक टेस्ला गाडी ऑटोपायलटवर, म्हणजे वेग आणि स्टिअरिंग स्वतः सांभाळणाऱ्या यंत्रणेवर, चालली होती. ठरवून दिलेला वेग होता ताशी सुमारे १२९ किलोमीटर, पण पुढे एक मोठं वाहन असल्यामुळे ती जेमतेम ३४ ने चालली होती. पुढच्या वाहनाने लेन बदलली. रस्ता मोकळा झाला असं समजून टेस्लाने वेग वाढवला आणि ताशी ५० च्या वेगाने लेनमध्ये उभ्या असलेल्या अग्निशमन दलाच्या गाडीवर जाऊन आदळली. त्या गाडीचे दिवे लुकलुकत होते. धडकेचा इशारा वाजला तो आदळण्याच्या अर्धा सेकंद आधी. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालात हा सगळा क्रम नोंदलेला आहे.

एवढी मोठी लाल गाडी कशी दिसली नाही? इथे रडारच्या पोटात शिरावं लागेल, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे.

गाडीच्या नाकातलं रडार साधारण ७७ गिगाहर्ट्‌झवर चालतं. त्या लहरीची लांबी ३.९ मिलिमीटर. रडार एकाच सुरात ओरडत नाही, तर काही मायक्रोसेकंदांत सूर चढवत नेतं. याला चर्प म्हणतात. १५० मीटरवरच्या ट्रकपर्यंत जाऊन परत यायला लहरीला बरोबर एक मायक्रोसेकंद लागतो. तेवढ्यात रडारचा स्वतःचा सूर थोडा वर गेलेला असतो. आत्ताचा सूर आणि परत आलेला सूर यांच्यातला फरक मोजला की अंतर कळतं.

वेग मोजण्याची रीत तर आणखी सुंदर आहे. समोरची वस्तू फक्त एक मिलिमीटर जवळ आली, तरी लहरीचा जाण्यायेण्याचा मार्ग दोन मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे जवळजवळ अर्धी लहर. शिखराच्या जागी दरी येते. एकामागून एक चर्प सोडायचे आणि परत येणारी लहर प्रत्येक वेळी किती सरकली ते पाहायचं. ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेला परिणाम तो हाच. शाळेत आपण आगगाडीच्या शिट्टीच्या उदाहरणाने तो शिकलेलो असतो.

आता आकडे. तुमची गाडी ताशी १०० ने चालली आहे. पुढची गाडी ८० ने, म्हणजे तुम्ही तिच्याजवळ ताशी २० ने सरकता. तिचा डॉप्लर बदल येतो सुमारे २,८५० हर्ट्‌झ. आणि थांबलेला ट्रक? तो तुमच्याकडे ताशी १०० ने येतो, बदल सुमारे १४,२०० हर्ट्‌झ. आकडा मोठा आहे, मग अडचण काय? अडचण ही की पुढचा दिशाफलकाचा सांगाडा, पुलाचा कठडा, दुभाजकाचं लोखंडी रेलिंग आणि रस्त्यातलं मॅनहोलचं झाकणही तुमच्याकडे ताशी १०० नेच येतात. सगळ्यांचा बदल तोच. कडेच्या वस्तूंचा किंचित कमी येतो, कारण तिथे वेग कोनाच्या कोसाइनने गुणला जातो; पण ५ अंशांचं कोसाइन ०.९९६ आहे. समोर, दूर, अरुंद कोनात जे काही स्थिर आहे ते सगळं एकाच खणात पडतं. गावात सगळेच पाटील आणि पाकिटावर फक्त 'पाटील यांस', तशी पोस्टमनची गत.

पत्ता शोधायला दिशा हवी, आणि तिथेच रडार दुबळं आहे. लहरीची लांबी भागिले अँटेनाची रुंदी, एवढ्या रेडियनपेक्षा (एक रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश) बारीक कोन वेगळा काढणं अवघड. अँटेना ६ सेंटिमीटरची धरली तर उत्तर येतं जवळजवळ पावणेचार अंश. १५० मीटरवर त्याची रुंदी होते सुमारे १० मीटर, म्हणजे अडीच-तीन लेन. उंचीच्या बाबतीत जुनी रडारं जवळपास आंधळीच होती. त्यामुळे रस्त्यात उभा ट्रक आणि रस्त्यावर टांगलेला फलक यांतला फरक त्यांना कळायचा नाही.

मग अभियंत्यांनी काय करावं? प्रत्येक स्थिर प्रतिध्वनीला ब्रेक लावला तर गाडी दर पुलाखाली करकचून थांबेल आणि मागून येणारी बस आत घुसेल. म्हणून त्यांनी ठरवलं की जे हलताना कधी दिसलेलंच नाही, त्याकडे दुर्लक्ष करायचं. हा बिघाड नाही, हा विचारपूर्वक केलेला सौदा आहे. पुढची गाडी चालत असताना रडारने पकडली आणि मग ती थांबली, तर काही अडचण येत नाही. पण ती बाजूला झाली आणि तिच्यापुढे आधीपासूनच उभा असलेला ट्रक अचानक उघडा पडला, तर तो 'पाटील' ठरतो. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेच्या चाचण्यांत नेमका हाच प्रसंग मुद्दाम उभा केला जातो.

अर्थात कॅमेरा दुसरा साक्षीदार असतो. रडार आणि कॅमेरा दोघांचं एकमत झालं की ब्रेक लागतो, आणि शहरातल्या ताशी ४०-५० च्या वेगात आजच्या अनेक गाड्या उभ्या वाहनासाठी व्यवस्थित थांबतात. महामार्गाचा वेग ही वेगळी गोष्ट आहे. ताशी १२० वरून थांबायला, रस्ता कोरडा आणि प्रतिसाद एका सेकंदात धरला तरी, ११० मीटर लागतात. तेवढ्या लांबून रात्री, मागचा दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली कॅमेऱ्याने ओळखायची. दिसणं वेगळं, ओळखणं वेगळं. मे २०१६ मध्ये फ्लोरिडात आडव्या आलेल्या ट्रेलरची पांढरी बाजू लख्ख आकाशात मिसळून गेली होती. त्या अपघातात टेस्लाच्या चालकाचा जीव गेला. डोक्यावरच्या फलकासारखं जे भासतं ते रडार वगळून टाकतं, असं तेव्हा इलॉन मस्क यांनीच सांगितलं होतं.

आपल्याकडे उपाय निराळेच. जुलै २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात समृद्धीवर बस जळून २५ जण गेले, त्यानंतर अपघात टळावेत म्हणून तिथे महामृत्युंजय यंत्र बसवण्यात आलं आणि प्रकरण जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत गेलं. बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांसाठी एक तांत्रिक माहिती: बऱ्याच गाड्यांत रडार त्याच बंपरच्या जाळीमागे असतं. लिंबात भरपूर पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. लोखंडी बुलगार्ड त्याहून वाईट, आणि तो बेकायदाही आहे.

राहता राहिला चालक. आज बाजारातल्या बहुतेक अ‍ॅडास (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणा असलेल्या) गाड्या एसएई या अभियंत्यांच्या संघटनेने ठरवलेल्या स्वयंचलनाच्या दुसऱ्या पातळीच्या आहेत, म्हणजे गाडी वळते, वेग सांभाळते, पण पहारा माणसाने करायचा. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये दाखवलं की क्वचितच काही घडतं अशा गोष्टीवर नजर ठेवायला बसवलं, तर पहिल्या अर्ध्या तासातच माणसाचं लक्ष ढासळतं. त्याच्या संशोधनामागचा प्रश्न होता विमानांतल्या रडारचालकांचा. म्हणजे रडारने जिथे हात टेकले, तिथे आपण रडारपुढे कंटाळणारा माणूस बसवला आहे. स्टिअरिंगवर हात आहे का हे बऱ्याच गाड्या वळणाच्या सूक्ष्म जोरावरून तपासतात, आणि लोक तिथे पाण्याची बाटली अडकवतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या सुमारे २० लाख गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करावा लागला, तो चालकाच्या लक्षावर पुरेशी नजर ठेवली जात नव्हती म्हणूनच.

रडारही सुधारतं आहे. १२ प्रक्षेपक आणि १६ ग्राहक अँटेनांच्या जोड्या लावून १९२ आभासी अँटेना तयार करणारी नवी रडारं एका अंशाच्या आसपास पोहोचली आहेत, शिवाय उंचीही मोजतात. १५० मीटरवर एक अंश म्हणजे २.६ मीटर, लेनहून कमी. तुमच्या गाडीत ते आहे का, हे विक्रेत्याला विचारून फारसं कळणार नाही. मॅन्युअलमधलं क्रूझ कंट्रोलचं प्रकरण उघडा आणि उभ्या वाहनांबद्दलची सूचना शोधा. ती बहुधा बारीक अक्षरात असते.