शिव्या घातल्या तरी क्लिप का वाढते?

नववीतला भाचा परवा वैतागून म्हणाला, "मामा, मी खाली 'फालतू माणूस' लिहिलं, तर त्याच्याच आणखी क्लिप यायला लागल्या!" फोनवर अँड्र्यू टेट होता. खातं मात्र भलत्याच कुणाचं.

टेट हा ब्रिटनमध्ये वाढलेला माजी किकबॉक्सर. बायकांबद्दल तो जे बोलतो ते मला किळसवाणं वाटतं. ऑगस्ट २०२२ पर्यंत टिकटॉकवर त्याच्या नावाच्या हॅशटॅगखालचे व्हिडिओ १,१०० कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले होते. "लोकांना हेच आवडतं" म्हणून विषय संपवला जातो, पण यात शाळेतलं संभाव्यतेचं गणित दडलंय आणि ते मला फार आवडतं.

नवी क्लिप आधी थोड्या लोकांना दाखवली जाते. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली, शेअर केली, खाली काही लिहिलं, तर पुढच्या लोकांपुढे जाते. समजा, दर फेरीला प्रेक्षक ०.९ पट होतात. मग १,००० जणांपासून निघालेली क्लिप २० फेऱ्यांनी जेमतेम १२० जणांवर येते. तेच १.२ पट होत असतील, तर विसाव्या फेरीला ३८,००० प्रेक्षक! कोविडच्या साथीत, एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो हे सांगणारा 'आर' हा आकडा आपण ऐकला होता, तोच हा. आता भाच्याने काय केलं? क्लिप पूर्ण पाहिली, चिडून पुन्हा पाहिली, लिहायला थांबला. मोजणाऱ्या यंत्रणेला ही सगळी आवडच दिसते. राग आला की माणूस थांबतो, आणि ०.९ चं १.२ व्हायला तेवढं पुरतं.

पण बहुतेक क्लिप तरीही मरतात. एखादी तगण्याची शक्यता १ टक्का धरू. एकच टाकली तर ९९ टक्के अपयश. ३०० टाकल्या आणि प्रत्येकीचं नशीब वेगळं धरलं, तर सगळ्याच मरण्याची शक्यता ०.९९ चा ३०० वा घात, म्हणजे जेमतेम ५ टक्के. टेटच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्याच्या 'हसलर्स युनिव्हर्सिटी' या सशुल्क ऑनलाइन वर्गात नवे सभासद आणणाऱ्याला कमिशन मिळे. म्हणून असंख्य पोरं आपापल्या खात्यांवरून त्याच्या क्लिपा ओतत होती. वाद पेटेल अशाच क्लिपा टाका, चाहत्यांबरोबर विरोधकही हवेत, असा सल्ला त्यांना दिला जाई. त्यात टिकटॉकने २०२० मध्येच सांगितलं होतं की शिफारस करताना फॉलोअरची संख्या थेट धरली जात नाही. म्हणजे कालच उघडलेल्या खात्यालाही संधी होतीच.

"संध्याकाळी सातला टाका, हमखास व्हायरल" असे कोर्स विकणाऱ्यांनी हा घात एकदा मांडून पाहावा. सातच्या मुहूर्ताने हमखास असं काही होत नाही, खरा फरक पाडते ती ३०० ही संख्या.

ऑगस्ट २०२२ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि यूट्यूबने टेटची खाती बंद केली. डिसेंबरात रोमानियात त्याला अटक झाली. पुढे बलात्कार आणि मानवी तस्करीचे आरोप ठेवले गेले, ते तो नाकारतो. पण बंद झालं ते त्याचं खातं. पोरांनी टाकलेल्या क्लिपा वेगवेगळ्या नावांनी फिरतच राहिल्या. भाच्याला मी क्लिपवर बोट दाबून 'रस नाही' निवडायला लावलं. कॉमेंट त्याने स्वतःच पुसली.